नवा कॅम, जुनी स्प्रिंग

सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात परवा एक पोरगा वैतागून उभा होता. बाइकला ‘रेसिंग’ कॅम (इंजिनातले वॉल्व्ह उघडणारा, उंचवटा असलेला फिरता दांडा) बसवलेला, तरी आठ हजार आरपीएमच्या पुढं इंजिन फडफडायचं आणि ताकद एकदम सोडायचं. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, “स्प्रिंग बदलली का बे?”

सोलापूरकरांना हा प्रश्न खरं तर लवकर कळायला हवा. साध्या यंत्रमागाचा खालचा शाफ्ट वरच्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो, आणि त्यावरचे टॅपेट, म्हणजे मागाचे कॅमच, ताण्याच्या चौकटी ओढतात. टॅपेट एकाच बाजूला ओढतो; परत आणायला स्प्रिंग किंवा रोलर लागतात. फोर-स्ट्रोक इंजिनातही तसंच. कॅम निम्म्या वेगानं फिरतो, वॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणारी, धूर बाहेर सोडणारी झडप) ढकलून उघडतो, पण मागं ओढू शकत नाही.

फरक वेगाचा. इंजिन ९,००० आरपीएमवर असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो. वर उसळलेल्या वॉल्व्हला कॅमच्या टोकावर आवरून परत फिरवायचं, हे स्प्रिंगचं खरं काम. त्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो : ६,००० वरून ९,००० वर गेलात की दीडपट नव्हे, सव्वादोनपट. नव्या कॅमचा उतार जास्त तीव्र असेल तर आणखी भर. जोर कमी पडला की रॉकर (कॅमचा धक्का वॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा) कॅमला सोडून हवेत तरंगतो आणि वॉल्व्ह आपल्या बसायच्या जागेवर, सीटवर, आपटून उसळतो. त्यालाच ‘वॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. नशीब फुटकं असेल तर उघडा वॉल्व्ह पिस्टनला भेटतो.

मग सापडेल ती कडक स्प्रिंग टाकावी? हा सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत, आणि तो अर्धवट आहे. मंद वेगात वॉल्व्हची उसळी स्प्रिंगचा भार हलका करत नाही, त्यामुळं कॅमच्या टोकावर सगळ्यात जास्त दाब आयडलिंगलाच पडतो. तेलाचा थर पातळ होतो, टोक झिजतं. म्हणजे वेगासाठी घेतलेली स्प्रिंग सिग्नलला उभ्या गाडीत कॅम खाते.

शिवाय स्प्रिंगलाही स्वतःचं वजन असतं. ठरावीक वेगाला तिच्या वेटोळ्यांतून लाट धावू लागते आणि ऐन वेळी जोर कमी होतो. म्हणून एकात एक दोन स्प्रिंगा बसवतात, उलट्या दिशेनं वळलेल्या, म्हणजे वेटोळी एकमेकांत अडकत नाहीत. मर्सिडीजनं १९५४ च्या रेसिंग गाडीत तर वॉल्व्ह बंद करायलाही कॅमच लावला होता.

उंचीचा हिशेब मात्र कागदावर सुटतो. समजा तार ३ मिमी, वेटोळी ८. पूर्ण दबल्यावर उंची २४ मिमी. बसवलेली उंची ३५. मूळ कॅम वॉल्व्हला ८ मिमी उचलतो, तेव्हा ३ मिमी उरतात. नवा १० उचलतो, उरतो १. बारा उचलणारा आणलात तर स्प्रिंग आधीच गच्च होईल आणि काहीतरी मोडेल. एखादा मिलिमीटर मोकळा राहायलाच हवा. जोर वाढवायला खाली शिम (पातळ चकती) घातली, तर तेवढी जागा आणखी कमी होते.

मिस्त्रींनी व्हर्नियर लावला, आकडेमोड केली. उरत होता जेमतेम अर्धा मिलिमीटर.

“मग जुना कॅम बसवू?” पोरानं विचारलं.

“कॅम ज्याच्याकडून घेतलास, त्यालाच फोन लाव. ह्याच्या जोडीची स्प्रिंग कुठली, ते विचार.”

बाइक अजून भिंतीला टेकून आहे, हेड उघडं, वर फडकं टाकलेलं.