हिमनदीतून परत येणारं विष

स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये ओबरआर नावाचं तळं आहे. १९५३ साली धरण बांधल्यावर ते तयार झालं. त्यात पाणी येतं ते हिमनदी वितळून. त्याच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक साचत गेलेत. संशोधकांनी त्यात नळी खुपसून उभा नमुना काढला आणि कोणत्या काळात काय येऊन पडलं ते थरांवरून तपासलं. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या थरांत डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं रसायन) अशी रसायनं भरपूर निघाली. पुढे बंदी आली आणि प्रमाण घसरलं. हे अपेक्षितच होतं. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या थरांत ते पुन्हा चढलं होतं. बंदी येऊन तर बरीच वर्षं लोटली होती!

ही रसायनं हिमनदीतून आली होती. यांना टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं म्हणतात. ती सहजासहजी कुजत नाहीत, पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतात. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, वाऱ्याबरोबर जाते, गारवा लागला की जमिनीवर उतरते, ऊन तापलं की पुन्हा उडते. नाकतोड्यासारख्या अशा उड्या मारत ती ध्रुवांपर्यंत आणि उंच डोंगरांवर पोचतात. तिथल्या थंडीत मात्र उडी थांबते आणि ती बर्फात गाडली जातात.

थंडीचं हे कुलूप आता सैल होतंय. बर्फ वितळलं की रसायनं पाण्यात उतरतात. समुद्र तापला की त्यातली पुन्हा हवेत जातात. आर्क्टिकमधल्या हवेच्या अनेक वर्षांच्या नोंदींत ही परतीची वाट दिसली आहे. पुरामुळे नदीचा जुना गाळ ढवळला जातो, वणव्यात झाडांवर आणि मातीत बसलेली रसायनं धुराबरोबर उडतात. उष्णतेने काही रसायनांचं विघटनही लवकर होतं, त्यामुळे सगळं एकाच दिशेने जातं असं मुळीच नाही.

२००१च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने सुरुवातीला अशा १२ रसायनांवर निर्बंध आणले. त्याचा उपयोग झाला, हे मी ठामपणे म्हणेन. अनेक ठिकाणी त्यांचं प्रमाण खरोखर उतरलं. पण आधीच जगभर पसरलेला साठा करार करून परत घेता येत नाही. त्यातला बराच भाग थंडीच्या भरवशावर पडून होता, आणि तापमानवाढ नेमकी तिथेच घाव घालते आहे.

याची झळ कुणाला बसते, ते कॅनडातल्या हडसन उपसागराच्या ध्रुवीय अस्वलांकडे पाहिल्यावर कळतं. सील पकडायला त्यांना समुद्रावरचं बर्फ लागतं. ते आता लवकर फुटतं, उशिरा गोठतं, आणि किनाऱ्यावरचा उपास लांबतो. उपासात अस्वल अंगची चरबी जाळतं. चरबी घटते, पण तिच्यातली रसायनं तितक्या वेगाने घटत नाहीत, म्हणून उरलेल्या चरबीत त्यांचं प्रमाण वाढत जातं. अस्वलिणीचं दूध याच चरबीपासून बनतं, आणि गुहेत जन्मलेली पिल्लं कित्येक महिने त्याच दुधावर असतात.