निकॉन डी९०

निकॉन डी९० हा जपानच्या निकॉन कंपनीचा मधल्या रेंजचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल) कॅमेरा. २७ ऑगस्ट २००८ ला जाहीर झाला, २००६ च्या डी८० च्या जागी आला आणि २०१० मधे डी७००० ने त्याची जागा घेतली. व्हिडिओ शूट करणारा पहिला डीएसएलआर म्हणून हा सगळ्यांना माहिती आहे, पण खरं सांगायचं तर व्हिडिओ हा त्याचा सगळ्यात कच्चा भाग आहे, आणि मधल्या रेंजचा कॅमेरा पारखताना काय बघायचं हे या एका बॉडीवरून (म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) जेवढं कळतं तेवढं नुसत्या स्पेसिफिकेशनच्या तक्त्यावरून कळत नाही.

सुरुवात सगळेजण मेगापिक्सेलपासून करतात. डी९० चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, निकॉन ज्याला डीएक्स म्हणते त्या साइजचा (२३.६ बाय १५.८ मिमी) सीमॉस प्रकारचा, १२.३ मेगापिक्सेल, फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा. त्याच महिन्यात आलेला कॅननचा ५०डी १५.१ मेगापिक्सेलचा होता त्यामुळे कागदावर डी९० मागे दिसायचा. पण १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढली तरी इंचाला साधारण २३८ पिक्सेल मिळतात, म्हणजे लग्नाच्या अल्बमला पुरून उरतात, आणि निकॉनची वरची डी३०० बॉडीसुद्धा १२.३ चीच होती. त्यापेक्षा आयएसओ बघावा, म्हणजे कमी उजेडात कॅमेरा किती संवेदनशील करता येतो ते. २०० ते ३२०० ही नेहमीची रेंज, वाढवून ६४०० पर्यंत जाते. ८०० पर्यंत बिनधास्त वापरावा, १६०० ला सावलीत दाणे दिसायला लागतात पण फोटो रॉ मधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधे) काढला असेल तर आवरता येतात, ३२०० म्हणजे अगदीच इलाज नसेल तेव्हा. ६४०० माझ्या मते नुसतं सांगण्यापुरतं आहे.

खरा फरक हातात घेतल्यावर कळतो. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) पेंटाप्रिझमचा, म्हणजे भरीव काचेच्या लोलकाचा आहे, स्वस्त बॉडीत असतो तसा आरशांचा नाही, म्हणून मोठा आणि उजळ दिसतो (कव्हरेज मात्र ९६ टक्के, त्यामुळे कडेला नको असलेलं काहीतरी कधीकधी फोटोत येतंच). पुढे एक मागे एक असे दोन डायल, म्हणजे शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि ॲपर्चर (किती मोठ्या छिद्रातून येतो) डोळा न काढता बदलता येतं, आणि वर छोटी एलसीडी पट्टी. मागचा स्क्रीन ३ इंची, ९ लाख २० हजार डॉट्सचा, फोकस बरोबर लागलाय की नाही हे तिथल्या तिथे झूम करून कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोकस मोटर बॉडीतच आहे! निकॉनच्याच स्वस्त डी६० किंवा नंतरच्या डी५००० मधे ती नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली ५० मिमी एफ/१.८डी सारखी स्वस्त आणि सुंदर लेन्स त्यांच्यावर लावली तर फोकस हाताने करावा लागतो, डी९० वर ती आपोआप फोकस होते. बॉडीला चार पैसे जास्त गेले तरी जुन्या लेन्समधे ते वसूल होतात, हे नवीन घेणाऱ्याला दुकानात कुणी सांगत नाही. बॉडीतल्या फ्लॅशने बाहेरचा फ्लॅश वायरशिवाय उडवता येतो हे पण तसंच. जुन्या मॅन्युअल लेन्स लागतात खऱ्या, पण त्यांच्यावर उजेड मोजणारा मीटर चालत नाही, ती सोय डी७००० मधे आली.

वेग सेकंदाला ४.५ फोटो. फोकस पॉइंट ११, पण क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, म्हणून जास्त भरवशाचा) फक्त मधला एकच, म्हणून भिगवणला उडणारे फ्लेमिंगो टिपायचे असतील तर मधला पॉइंट धरूनच काम करावं आणि फ्रेम नंतर क्रॉप करावी. बॅटरीबद्दल तक्रारच नाही, कंपनीच्या हिशोबाने एका चार्जमधे ८५० फोटो.

व्हिडिओ ७२० पी, सेकंदाला २४ फ्रेम, एक क्लिप जास्तीत जास्त ५ मिनिटं. शूट चालू असताना ऑटोफोकस नाही, आवाज मोनो आणि बाहेरचा माइक लावायला जागाच नाही, कॅमेरा पटकन फिरवला की उभे खांब तिरके होतात कारण सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. तरीपण मोठ्या सेन्सरमुळे मागचं धूसर होऊन जो सिनेमासारखा लूक येतो तो एवढ्या किमतीत आधी मिळतच नव्हता. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला, १०८० पी वाला, आणि व्हिडिओवाले तिकडे वळले.

आता हा कॅमेरा जुन्या बाजारातच मिळतो. घेताना एक जेपीईजी काढून त्याच्या एक्झिफमधून (फोटोच्या फाइलमधे साठवलेल्या माहितीतून) शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालंय ते बघावं, कारण शटर १ लाख वेळांपर्यंत टेस्ट केलेलं आहे, आणि अंगठ्याखालचं रबर सुटलंय का तेही बघावं. सोबत १८-१०५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळायची ती) असेल तर ती उजेडाकडे धरून आतून तपासावी, कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सला फंगस (बुरशी) असण्याची शक्यता बरीच असते आणि ती साफ करायचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा होतो.