टर्बो तेलावर जगतो

बोरघाट चढून आलात, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावलीत आणि लगेच चावी फिरवलीत, की टर्बोचे हाल सुरू होतात.

टर्बोत सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा कम्प्रेसर इंजिनात हवा दाबून भरतो. लहान गाडीत हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये तो केसापेक्षा पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. घाटात डिझेल इंजिनाचा धूर ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, पेट्रोलचा ९०० च्या. इंजिन बंद होताच तेलाचा पंप थांबतो, पण टर्बाइनची उष्णता शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगकडे सरकत राहते. तिथे अडकलेलं तेल करपून त्याची कडक काजळी होते आणि बारीक वाटा बुजतात. म्हणून जोराच्या पल्ल्यानंतर मिनिटभर इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, ठेवा. शहरात रांगत घरी आला असाल तर टर्बो आधीच निवलेला असतो. मग थांबणं म्हणजे निव्वळ इंधनाची नासाडी. सकाळी उलटी काळजी: तेल पोचेपर्यंत, पहिलं मिनिटभर तरी, ॲक्सिलरेटर दाबू नका.

तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं हवं, आणि मुदतीत बदललेलं. धूळ आणि छोट्या फेऱ्या जास्त असतील तर मुदत थोडी आधीच धरा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरणं हाही अपायच. टर्बोतलं तेल निव्वळ उतारावरून खाली परततं. ती वाट तुंबली की ते सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर येतो. इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबला तरी हेच होतं, आणि मग धडधाकट टर्बो बदलला जातो!

नवा टर्बो आठवड्यात गेला, तर दोष बहुधा बसवण्यात असतो. जुन्या ऑइल पाइपात काजळी राहते, इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) मोडलेल्या पात्याचे तुकडे. पाइप नवाच घाला, इंटरकूलर साफ करा, तेल आणि फिल्टर बदला. टर्बोत आधी तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवा.

एअर फिल्टरनंतरच्या होजची क्लिप सैल असली, तर आत ओढलेली धूळ कम्प्रेसरची पाती झिजवते. इंजिन थंड असताना तो होज काढून शाफ्ट बोटाने हलवून पाहा. आडवा किंचित हलणं ठीक, पण पुढे-मागे खेळ जाणवला तर बेअरिंग झिजलं आहे. होजमध्ये तेलाचा ओलावा दिसला तर घाबरू नका. डबकं दिसलं तर गॅरेज गाठा.