सिनात्रा-एलिंग्टन, 1967: बाहेरच्या वादकांचा वाद

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा आणि जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद यांची एकत्र ध्वनिमुद्रिका एकच, 'फ्रान्सिस ए. अँड एडवर्ड के.'. ती 11 आणि 12 डिसेंबर 1967 रोजी हॉलिवुडमध्ये मुद्रित झाली. दुसऱ्या दिवशी गायकाने 52 वर्षं पूर्ण केली. एलिंग्टन 68चे होते. गायकाच्या कंपनीशी त्यांचा करार 1962 मध्येच झाला होता. मधल्या काळात, 1963 मध्ये, वृंद मुंबईतही वाजवून गेला.

वाद आहे तो एका निर्णयावर: एलिंग्टनच्या वादकांत स्टुडिओचे वादक का मिसळले?

संयोजनं सिनात्राच्या एका जुन्या संयोजकाने लिहिली. तालमीसाठी तो सिॲटलला वृंदाकडे गेला, पण नोटेशन वाचताना वादक अडखळू लागले. याला वादकांचा आळस म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. एलिंग्टन लिहीत ते खुर्चीसाठी नव्हे, माणसासाठी. चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवाले. त्यांतले काही चाळीस वर्षांपासूनचे. रोजचा कार्यक्रम त्यांना तोंडपाठ. अनोळखी कागद पहिल्या नजरेत वाजवणं हे निराळं कसब. आपल्याकडच्या सिनेसंगीतात गोव्याचे वादक चालले ते याच कसबावर, चर्चच्या शाळांत लहानपणीच घोटून घेतल्यामुळे.

सिनात्रा वृंदासमोर उभं राहून, थोडक्या टेकमध्ये गात असे. अशा वेळी मुख्य ट्रम्पेट एका स्वरावर जरी चाचपडला, तरी मागचे सगळे ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले, त्याच्या श्वासाची वाट पाहतात, जोराची जागा पडते आणि टेक बाद होतो. म्हणून ट्रम्पेटच्या रांगेत पक्का वाचणारा एक स्टुडिओवाला बसवला. पियानोलाही काही ठिकाणी दुसरा माणूस घेतला. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. पण या वृंदाची खूण सॅक्सोफोनच्या रांगेत होती आणि तिथले सूर त्यांचेच राहिले. 'इंडियन समर' या गाण्यातला, वृंदातल्या जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन ऐकावा: स्वर खालून ओढत आणलेला, मीड जवळजवळ आपल्या कानाची. तो तुकडा भाड्याने मिळत नाही.

त्यापेक्षा गाण्यांच्या निवडीवर बोट ठेवायला हवं होतं. आठ गाण्यांत एलिंग्टनचं एकच, 1947च्या 'लायबेरियन स्वीट'मधलं. बाकी रंगभूमीवरची, जुनी किंवा चालू हिट. बहुतेक चार-पाच मिनिटांची, त्यातलीही बरीच संथ. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं लागे. त्याच वर्षी सिनात्राची बोसा नोवाची, म्हणजे ब्राझिली ढंगाची, मुद्रिका आली होती, तिचा बोलबाला अधिक झाला. 1969 मध्ये 'माय वे' आलं आणि त्या काळातल्या सिनात्राची ओळख त्या गाण्यालाच चिकटली. हॉजेस मे 1970 मध्ये वारला. या जोडीची दुसरी मुद्रिका निघाली नाही.