पाडव्याचा लॅपटॉप आणि काहिलीची कड

पाडव्याच्या मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायचा, त्याला हळद-कुंकू लावायचं, पडद्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढता कपाटात जपायचा आणि कॉलेज सुरू झालं की जुलैत बाहेर काढायचा. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, अशी घरं पुष्कळ. यंत्राच्या दृष्टीने मात्र याहून वाईट मुहूर्त नाही. बदलून मिळायची मुदत असलीच तर ती बहुतेक सात-दहा दिवसांची. वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून सुरू होते. आणि नव्या यंत्रातले जन्मजात दोष उघडे पडतात ते पहिल्या काही आठवड्यांच्या वापरात. कपाटात ते कळत नाहीत.

एकाच प्रकारच्या हजारो यंत्रांचे बिघाड कधी होतात याचा आलेख काढला, तर त्याला आंघोळीच्या टबाचा आकार येतो, म्हणून त्याचं नाव बाथटब कर्व्ह. वाळवा-कराडकडच्या वाचकाला टबापेक्षा गुऱ्हाळातली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, जवळची. अलीकडची, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांची, कड उंच: कारखान्यातून निसटलेले दोष. मग रुंद, सपाट तळ: अधूनमधून, योगायोगाने होणारे बिघाड. पलीकडे पुन्हा कड: बॅटरी, पंखा, बिजागऱ्या झिजल्याने होणारे. तयार यंत्र काही तास राबवून अलीकडची कड कारखान्यातच कापायचा प्रयत्न होतो. पण तिथला प्रत्येक तास खर्चाचा, त्यामुळे कडेचा थोडा भाग गिऱ्हाइकाच्या घरी येतोच.

तो येतो कसा, हे प्रोसेसरखाली पाहावं. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो तो शेकडो, कधी हजाराहून जास्त सोल्डरच्या गोळ्यांवर. एकेक गोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असे आणि ते १८३ अंश सेल्सिअसला वितळे. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले. आता सर्रास वापरात असलेल्या मिश्रणात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं, आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. वाढलेल्या उष्णतेने सोल्डर वितळवायच्या भट्टीत बोर्ड किंचित बाक घेतो. मग एखादी गोळी खालच्या सोल्डर पेस्टशी एकजीव न होता तिच्यावर नुसती टेकून राहते. उशीवर डोकं टेकावं तशी, आणि या दोषाचं रूढ नावही तेच आहे. टेकलेली गोळी वीज वाहून नेते, त्यामुळे कारखान्यातल्या तपासणीत ती पास होते. पुढे खंबाटकी घाटातून ट्रकचे हादरे बसतात. वापर सुरू झाला की चिप आणि बोर्ड तापतात, निवतात. चिपमधलं सिलिकॉन जेवढं प्रसरण पावतं त्याच्या सुमारे पाचपट बोर्ड पावतो, म्हणजे दर वेळी गोळीला ओढ बसते. एक दिवस ती सुटते आणि लॅपटॉप गरम झाल्यावरच बंद पडू लागतो. रिपेअरवाले याच कुळातल्या कच्च्या सांध्यांना ड्राय सोल्डर म्हणतात.

किती जणांच्या वाट्याला हे येतं? स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीने २००९ साली सुमारे ३०,००० लॅपटॉपची नोंद तपासली. तीन वर्षांत ३१ टक्के बिघडले, त्यात २०.४ टक्के हार्डवेअरच्या दोषाने, उरलेले पडझड आणि सांडलवंडीने. कंपनी वॉरंटी विकणारी, आकडे जुने, तेव्हा थोड्या साशंकतेनेच घ्यावेत. आणि प्रत्येक दोष पहिल्या आठवड्यात सापडतो असंही नाही. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने एका नव्या चिपसेटची (मदरबोर्डवरच्या साहाय्यक चिपची) विक्री थांबवली, कारण त्यातला एक ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होऊन काही साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मंदावत होते. असा दोष घरी कोण पकडणार? पण कच्चा सांधा, अर्धवट बसलेली डिस्प्ले केबल, वाकडी लागलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) आणि खराब रॅम यांतलं बरंचसं राबवलं की सापडतं.

म्हणून घरी आणल्या दिवसापासून राबवा. खोकं फोडताना व्हिडिओ काढा. सिरियल नंबर खोक्यावर, बिलावर आणि लॅपटॉपच्या पाठीवर एकच हवा. पावसाळ्यात एसी गाडीतून आणला असेल तर तास-दोन तास बंदच ठेवा, आत दव धरलेलं असतं. मग चार्जर लावून आधी विंडोज आणि बायॉसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट करा; नव्या मॉडेलचं विनाकारण हँग होणं पुष्कळदा तिथेच मिटतं. पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून बघा. फुल एचडी पडद्यात २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात आणि आयएसओ ९२४१-३०७ मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाखांमागे २ कायम पेटलेले नि २ कायम काळे चालतात. म्हणजे एका ठिपक्यासाठी वॉरंटीत कुणी पडदा बदलेलच असं नाही. बदलीच्या मुदतीतच बोला.

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचे, म्हणजे आतल्या डिस्कचे, चालू तास बघा. दोन-चार असतील तर ठीक, दोनशे असतील तर यंत्र कुणीतरी आधी वापरलंय. रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तरी रॅम संशयित. दुसऱ्या दिवशी तासभर जड काम चार्जरवर, तासभर बॅटरीवर. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये ९० अंश दिसले म्हणून घाबरू नका. सांगलीत एप्रिलमध्ये खोलीच ३८-४० अंशांना असते आणि २५ अंशांच्या एसी खोलीपेक्षा जास्तीचे हे अंश जवळजवळ तसेच प्रोसेसरवर चढतात. काम सुरू होताच दोन-चार सेकंदांत १०० गाठले, किंवा प्रोसेसरचा एक कोअर (आतला एक गणक भाग) बाकीच्यांपेक्षा १५-२० अंश गरम राहिला, तर हीटसिंक (उष्णता खेचून घेणारा धातूचा भाग) नीट टेकला नसावा. झाकण बंद-उघड दहा-पंधरा वेळा करा. झोपेतून न उठणं हा ठरलेला आजार. आठवड्याने स्टार्टमध्ये रिलायबिलिटी शोधा. विंडोज रोजच्या बिघाडांची नोंद १ ते १० गुणांत ठेवतं, तांबड्या फुल्या कुठे पडल्या ते दिसतं.

काही तक्रारी मात्र लॅपटॉपच्या नसतातच. ५१२ जीबीच्या जागी ४७६ दिसतात ते मोजणीच्या पद्धतीमुळे. हजाराने मोजलेलं विंडोज १०२४ ने भागतं. जुन्या वाड्यात धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, त्याचं कारण भिंतीत आहे. अ‍ॅडॅप्टरमधला एक छोटा कपॅसिटर मिलिअँपिअरच्या अंशाइतका करंट बॉडीवर सोडतो. तीन पिनेचा अ‍ॅडॅप्टर असेल तर तो अर्थमधून निघून जायला हवा. वायरमनकडून मोजून घ्या: फेज-अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. कधी चार बादल्या पाण्याने काम होतं. दोन पिनेच्या अ‍ॅडॅप्टरला मुंग्या येणारच. पण झटका बसत असेल तर प्लग काढा आणि अ‍ॅडॅप्टर बदला; नव्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नंबर बघून घ्या.

दोष खरा निघाला तर आधी मोबाइलवर व्हिडिओ, मग लेखी तक्रार. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. तिथे वजन असतं ते सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटला. त्यावर नुसतं ‘हँग होतो’ लिहू देऊ नका. ‘चार्जर काढून झाकण बंद केल्यावर दहापैकी तीन वेळा चालू होत नाही’ असं लिहून घ्या, खाली तारीख आणि शिक्का.