ऑपरेशन करायचं की नाही, हे विचारायचं कुणाला?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर एक छापील कागद घेऊन येते. वर पेशंटचं नाव, मधल्या रिकाम्या जागेत ऑपरेशनचं इंग्रजी नाव, खाली 'फायदे-तोटे मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहेत' अशी ओळ आणि त्याखाली सहीची जागा. सही बऱ्याचदा मुलाची नाहीतर नवऱ्याची असते. सुरगाणा-पेठकडून आलेली आजी असेल तर अंगठा. नाशिकच्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत हे रोजचं आहे. पण त्या संध्याकाळपर्यंत ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली असते, जावयाने शहरातलं हॉस्पिटल शोधलेलं असतं, थोरल्याने पैशांची जुळवाजुळव केलेली असते. जिच्या पोटावर टाके पडणार, तिला स्वतःला काय हवंय, हे या सगळ्या धावपळीत कुणीच विचारत नाही.

सर्जन आणि पेशंटने मिळून निर्णय घ्यावा, ही कल्पना आज वैद्यकीय अभ्यासक्रमात शिरली आहे. तिच्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत. एक संमतीचा, दुसरा निर्णयाचा. आपल्याकडे पहिला आला तो मुख्यतः कागदाच्या रूपाने. दुसरा अजून वेशीवरच आहे.

संमतीची गोष्ट जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल स्पष्ट म्हटलंय की काही केलं नाही तर मृत्यू नक्की आणि केलं तरी यशाची खात्री नाही, म्हणून आधी परवानगी घ्यावी. खात्री नाही हे इतक्या मोकळेपणाने कबूल करणं मला आजही मोलाचं वाटतं. पण परवानगी घ्यायची ती राजाची. पुढे 1860च्या भारतीय दंड संहितेने कलम 88 मध्ये सर्जनचंच उदाहरण दिलं: जिवाला धोका आहे हे माहीत असूनही रुग्णाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी, प्रामाणिकपणे केलेली शस्त्रक्रिया गुन्हा नाही. इथे संमती रुग्णाची आहे. आता मेडिकल कौन्सिलची 2002 सालची आचारसंहिता पाहा. ऑपरेशनपूर्वी लेखी संमती घ्यावी ती पती किंवा पत्नीची, अज्ञान मुलांसाठी आईवडील किंवा पालकांची, 'किंवा रुग्णाची स्वतःची'. रुग्ण यादीत शेवटी. आपल्या वॉर्डात सही कुणाची घेतात, याचं उत्तर या क्रमात आहे.

अमेरिकेत कोर्टाने 1914 सालीच सांगून टाकलं होतं की सज्ञान माणसाच्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. तरीही 1970च्या दशकापर्यंत तिथे स्तनातल्या गाठीसाठी बाई टेबलवर जायची, भूल दिली जायची, तुकडा तपासला जायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत अख्खा स्तन काढला जायचा. आपला स्तन राहिला की गेला, हे तिला जाग आल्यावर कळायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाईंना 1974 मध्ये स्वतःला गाठ आढळली. तपासणी आधी, ऑपरेशन नंतर आणि मध्ये विचार करायला वेळ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्या सर्जनांशी वर्षानुवर्षं भांडल्या. 1979 मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीने हे दोन टप्पे वेगळे करण्याची शिफारस केली. पुढे बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासातून दिसलं की लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी बाई तितकीच जगते. म्हणजे आजवर जिथे एकच रस्ता सांगितला जात होता, तिथे दोन होते.

आपल्याकडे असंच प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1995 मध्ये दिल्लीत समीरा कोहली या 44 वर्षांच्या अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी टेबलवर गेल्या. भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. 16 जानेवारी 2008 रोजी कोर्टाने निकाल दिला: रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायला दिलेली संमती नव्हे. मात्र किती माहिती द्यायची, याबाबत कोर्टाने अमेरिकेइतकं कडक माप लावलं नाही. सर्वसाधारण डॉक्टर जेवढं सांगतो तेवढं पुरे, असा त्याचा अर्थ निघाला. ब्रिटनने हेच माप 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात बाजूला ठेवलं. या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, ते सांगायलाच हवं, असं तिथलं कोर्ट म्हणालं.

1995 मध्येच डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हा निकाल लागला होता. तेव्हापासून संमतीपत्रं लांबत गेली. 'काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत' असं छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पण ती ओळ वाचून घाबरलेल्या नातेवाइकाच्या तोंडून पुढचा प्रश्नच निघत नाही.

दुसरा इतिहास कोर्टाबाहेरचा आहे. जॉन वेनबर्ग नावाचे डॉक्टर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ऑपरेशनांची मोजदाद करत होते. 1973 मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्टोव गावात पंधरा वर्षांपर्यंत सुमारे 70 टक्के मुलांचे टॉन्सिल काढलेले, शेजारच्या वॉटरबरीत जेमतेम 20 टक्के. मुलं सारखीच, घसे सारखेच. फरक होता तो डॉक्टरांच्या मतात. पुढे प्रोस्टेटच्या पेशंटांशी बोलल्यावर कळलं की सारख्याच त्रासाचे दोन पुरुष वेगवेगळं निवडतात. एकाला रात्री लघवीला चारदा उठणं असह्य होतं, दुसऱ्याला ऑपरेशननंतरचे परिणाम नको असतात. मग दोन्ही बाजू समोर ठेवणारे व्हिडिओ तयार झाले, नंतर पुस्तिका आणि तक्ते. 2012 साली सिएटलच्या एका आरोग्य संस्थेने गुडघे आणि खुब्याच्या पेशंटांना असं साहित्य दिल्यानंतरचे आकडे छापले: सहा महिन्यांत गुडघेबदल 38 टक्क्यांनी आणि खुबेबदल 26 टक्क्यांनी कमी. ऑपरेशन वाईट असतं, असा याचा अर्थ मुळीच नाही. गुडघा बदलून पुन्हा सप्तशृंगीगड चढणारी माणसं नाशिकात आहेत. काहींना मात्र नीट कळल्यावर थांबावंसं वाटतं, एवढंच. हर्नियाचं उदाहरण घ्या. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी वाट पाहिली तर आतडं अडकण्याचा धोका वर्षाला हजारात दोनाच्या आत आढळला. दोन वर्षांत साधारण चौथ्या हिश्श्याने शेवटी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. हे ऐकून द्राक्षछाटणी उरकेपर्यंत थांबायचं की आताच मोकळं व्हायचं, हे निफाडचा शेतकरी स्वतः ठरवू शकतो.

महाराष्ट्रात हा विषय घरात शिरला तो बीडमुळे. 2019 मध्ये सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. 'ठेवलं तर कॅन्सर होईल' असं सांगितल्याचं अनेकींनी सांगितलं. गोळ्या, इतर उपचार, नुसतं थांबून पाहणं, हे पर्याय त्यांच्यापुढे आलेच नाहीत. उपाय म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. लगाम गरजेचा होता, मला मान्य आहे. पण विचारायचं ते पुन्हा वरच्याला.

याच 2019 मध्ये एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्तेचं 'एटकॉम' प्रशिक्षण सुरू झालं. राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते आपल्या म्हसरूळला आहे. त्यामुळे नाशिकला इथे जास्त काही करता येईल असं मला वाटतं. पेशंटला पर्याय समजावायचे कसे, याचा एक नमुना अमेरिकेत आहे. तिथल्या विस्कॉन्सिनच्या सर्जन मार्गारेट श्वार्झ यांची पद्धत कोऱ्या कागदावर चालते. प्रत्येक उपचारासाठी एक उभी रेघ. वरच्या टोकाला तारा, म्हणजे सगळं नीट झालं तर. खालच्या टोकाला चौकोन, म्हणजे सगळं बिघडलं तर. मध्ये एक लंबगोल, बहुधा काय होईल ते. शेजारी दुसरी रेघ, ऑपरेशन न करण्याची. आजीला वाचता येत नसलं तरी तारा आणि चौकोन दिसतात, आणि मुलगा, सून, जावई सगळे एकाच कागदाकडे बघतात. कुटुंबाला बाहेर काढून आपल्याकडे काही ठरणार नाही, आणि काढूही नये. फक्त पहिला प्रश्न आजीला जायला हवा.

वेळ नाही, ही सर्जनांची अडचण खरी आहे. पण असं साहित्य हाताशी असताना बोलणं सरासरी दोन-तीन मिनिटांनीच लांबतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. सुरुवात चार ऑपरेशनांपासून करता येईल: गर्भाशय, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा. चारही ठिकाणी पर्याय असतात आणि बहुतेकदा विचार करायला वेळ असतो. मराठीत एकेक पान, आणि बागलाण-मालेगावसाठी अहिराणी, सुरगाणा-पेठसाठी तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत मोबाईलवर ऐकता येईल असं रेकॉर्डिंग. ते पेशंटच्या हाती पहिल्याच ओपीडीत पडायला हवं, म्हणजे एसटीने घरी जाताना ऐकता येईल आणि पुढच्या खेपेला प्रश्न घेऊन येता येईल.