‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हे खरं नाही

“नैराश्यावर वनस्पतीच्या गोळ्या घ्या, नैसर्गिक आहेत, कशाहीसोबत चालतात,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला काही भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो. सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा अर्क सौम्य ते मध्यम नैराश्यात उपयोगी पडल्याचं अनेक चाचण्यांत दिसलंय. पण जे शरीरावर काम करतं, ते इतर औषधांच्या कामातही ढवळाढवळ करू शकतं. हा अर्क यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढवतो. मग गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन कमी पडू लागतं. नैराश्याच्या इतर गोळ्यांसोबत तो घेतला तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. थरथर, ताप, भ्रम ही त्याची लक्षणं.

पडताळायला सोपं आहे. बाटलीवर ‘हायपेरिकम’ हे सेंट जॉन्स वर्टचं शास्त्रीय नाव शोधा आणि ती बाटली, चालू गोळ्यांच्या यादीसह, डॉक्टरांना दाखवा.

नियमित व्यायामाचा नैराश्यात खरोखर उपयोग होतो, तो जरूर करा. मात्र त्याच्या भरवशावर चालू गोळ्या एकदम थांबवू नका; डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा, मदत घ्या.